एकशे अठराव्या पानावरचं वाक्य

मित्रांनो, मी एक जुना संदर्भग्रंथ आहे आणि माझ्या एकशे अठराव्या पानावरचं एक वाक्य चुकीचं आहे.

आत्मवृत्त असं सुरू करायचं नसतं, हे मला ठाऊक आहे. आधी जन्म सांगावा, मग हालअपेष्टा, मग स्वतःबद्दल स्वतःच चार कौतुकाचे शब्द, आणि चुका शक्यतो इतरांच्या. पण माझ्यापाशी किती वेळ आहे याची आज खात्री देता येत नाही. माझ्या फडताळासमोरच्या भिंतीला ओल चढली आहे. गेल्या आठवड्यात ती फरशीच्या कडेला होती. आता ती खुर्चीच्या बैठकीएवढी वर आली आहे. तेव्हा महत्त्वाचं आधी.

वाक्य असं आहे : 'तळ्याचा बांध संपूर्ण लांबीत अखंड खडकावर उभा आहे.'

वाचायला बरं वाटतं. त्यात 'बहुधा' नाही, 'असे म्हणतात' नाही. ठाम वाक्यांचं नशीब चांगलं असतं. कुणीही त्यांना बसायला खुर्ची देतं, कुठून आलात म्हणून कुणी विचारत नाही.

माझे लेखक पाणीखात्यात हेडक्लार्क होते. सडपातळ माणूस, उजव्या हाताच्या दोन बोटांना कायमची शाई. बत्तीस वर्षं त्यांनी बांधाच्या फायली सांभाळल्या. प्रत्यक्ष बांधावर ते दोनदाच गेले होते, तेही पाहुण्यांना तळं दाखवायला. पण त्यांच्या फायलीत नकाशा होता आणि नकाशात खडक होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी सात वर्षं खपून मला लिहिलं. घरातल्या जेवणाच्या टेबलावर कागदांचे गठ्ठे असत. त्यांची बायको म्हणायची, "तुमचा बांध पुरा होईस्तोवर आम्ही जमिनीवरच जेवायचं का?" ते म्हणायचे, "थोडं राहिलंय." सात वर्षं थोडंच राहिलं होतं.

माझ्या पाचशे प्रती छापल्या गेल्या. निळं कापड लावलेला पुठ्ठा, कण्यावर सोनेरी अक्षरं. लेखकांनी मला हातात घेऊन वजन पाहिलं, वास घेतला आणि पहिलं पान उघडून स्वतःचं नाव नीट छापलंय ना ते तपासलं. बाकी काही तपासलं नाही. त्या दिवशी मी फार सुखी होतो.

त्यानंतर महिन्याभराने एक म्हातारा गवंडी त्यांच्या दारात आला. बांध झाला तेव्हा तो तिथे कामाला होता. नातवाकडून त्याने मला वाचून घेतलं होतं.

"साहेब, झकास लिहिलंय," तो म्हणाला. "फक्त सातव्या दगडापासून अकराव्या दगडापर्यंत खाली खडक नाहीये."

बांधावर ठरावीक अंतराने आकडे कोरलेले दगड रोवले आहेत, एक ते वीस. तो त्यांच्याबद्दल बोलत होता.

"नकाशात आहे," लेखक म्हणाले.

"नकाशा काढला तेव्हा खणलं नव्हतं. खणलं तेव्हा कुणी नकाशा काढला नाही."

"मग तिथे काय आहे?"

"माती. आम्हीच भरली. चोपली चांगली, त्यात कुचराई नाही केली. वरचे म्हणाले, पाणी लाल रेघेच्या वर कधी चढवायचं नाही, म्हणजे चालतंय."

लाल रेघ तळ्यातल्या बुरुजावर रंगवलेली आहे. लेखक त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाचशे चिठ्ठ्या छापून घेतल्या : 'शुद्धिपत्र. पान ११८. सातव्या ते अकराव्या दगडादरम्यान बांधाखाली खडक नाही, मातीचा भराव आहे. तळ्याचे पाणी लाल रेघेवर नेऊ नये. वाचकांनी कृपया दुरुस्त करून वाचावे.' खाली स्वतःचं नाव घालायची त्यांना लाज वाटली, म्हणून नाव घातलं नाही. बायकोने पातेलंभर खळ शिजवली आणि दोघांनी मिळून प्रत्येक प्रतीत, एकशे अठराव्या पानाच्या मध्यावर, एकेक चिठ्ठी चिकटवली. विकलेल्या प्रती त्यांनी घरोघर जाऊन परत मागितल्या, चिकटवल्या आणि पुन्हा पोचवल्या. लोकांना वाटलं, म्हातारपणी डोक्यावर परिणाम झाला.

मला विचाराल तर माझा खरा जन्म त्या खळीत झाला. पण चिठ्ठी फक्त वरच्या कडेने चिकटवली होती. पातेलं आटत आलं होतं.

पुढे मी बांधापासून दोनच गल्ल्या लांब असलेल्या या ग्रंथालयात आलो. माझ्या पहिल्या पानावर शिक्का बसला : 'फक्त संदर्भासाठी. बाहेर नेऊ नये.' हा शिक्का म्हणजे आमच्यातली मोठीच पदवी. कादंबऱ्या घरोघरी जातात, चहाचे डाग घेऊन येतात. आम्ही कुठे जात नाही. लोक आमच्याकडे येतात, उभ्याउभ्या एखादं पान बघतात, मान डोलावतात आणि म्हणतात, "यात आहे म्हणजे आहे." अशी माझी बरीच वर्षं मानाने गेली.

तेवीस वर्षांपूर्वी आताचे ग्रंथपाल आले. मुलं त्यांना झटकेकाका म्हणतात. परत आलेलं पुस्तक दोन्ही पुठ्ठे धरून उलटं करायचं आणि तीनदा झटकायचं, ही त्यांची पद्धत. पुस्तकात पुस्तकाशिवाय काही राहता कामा नये. झटक्यांतून जे पडेल ते एका पत्र्याच्या डब्यात जातं. डब्यावर त्यांच्या सुंदर अक्षरात लिहिलं आहे : 'पुस्तकाबाहेरचं'. काकांचा आणखी एक नियम आहे. सापडलेला कागद वाचायचा नाही. तो कुणाचा तरी खासगी असणार. इतका सभ्य माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि या सभ्यपणामुळेच पुढचं सगळं झालं.

ते आले त्या वर्षी त्यांनी संदर्भ विभागही झटकून घेतला. पहिल्या झटक्यात माझ्यातून धूळ पडली. दुसऱ्यात एक वाळलेला मुंगळा. तिसऱ्यात चिठ्ठी. काकांनी तिच्याकडे न पाहता ती उचलली आणि डब्यात टाकली. डबा टेबलाखाली आहे. माझ्यापासून आठ पावलांवर. तेवीस वर्षं मी त्या डब्याकडे बघत उभा आहे, मित्रांनो, आणि मला पाय नाहीत.

त्यानंतर माझं वाक्य मोकळं सुटलं. आधी तळ्याची एक स्मरणिका निघाली, तिने ते उचललं आणि माझं नाव घेतलं नाही. मग नगरपालिकेच्या इंजिनिअर साहेबांनी अहवाल लिहिला. त्यांनी ते स्मरणिकेतून घेतलं, पण अहवालात स्मरणिकेचं नाव बरं दिसत नाही म्हणून स्मरणिकेचा संपादक चहाला आला असताना त्याच्याकडून माझं नाव आणि पान क्रमांक लिहून घेतला. अहवालावरून ते संगणकाच्या पडद्यावर गेलं आणि तिथून कुठे कुठे गेलं ते मलाही ठाऊक नाही. अहवालाचा निष्कर्ष असा : बांध खडकावर आहे, सबब तळ्याची पातळी लाल रेघेच्या वर चार फूट नेण्यास हरकत नाही. उन्हाळ्यात पाणी पुरेल. सगळ्यांना आनंद झाला. उन्हाळ्याच्या तोंडावर तळ्याचे दरवाजे बंद केले आणि वरून येणारं पाणी साठू लागलं.

त्याच सुमारास एक मुलगी आली. बारावीच्या मुलांना एक लांबलचक निबंध लिहावा लागतो, चार हजार शब्दांचा, संदर्भांसकट. वर्गात तिला 'तळटीप' म्हणतात, कारण सरांचं वाक्य संपलं की खाली तिचं एक असतंच. आईवडील दूरगावी कामाला, म्हणून ती आत्याकडे राहते. आत्याची लाँड्री आहे, बांधाच्या पायथ्याशी, नवव्या दगडाच्या बरोबर खाली. पुढे दुकान, मागे घर. तळटीपने विषय घेतला होता : आपल्या तळ्याचा बांध किती सुरक्षित आहे?

एका बुधवारी तिचे मार्गदर्शक सर संदर्भ तपासायला ग्रंथालयात आले. शुक्रवारी निबंध द्यायचा होता. सरांनी मुलांना पाच प्रश्न घोटून दिले होते. लेखक कोण, प्रकाशक कोण, साल कोणतं, पान कोणतं, आणि तेच आणखी दोन ठिकाणी सापडतं का? पाचही जमले तर संदर्भ विश्वसनीय. पडद्यावरचं असेल तर शून्य.

सरांनी यादीवर बोट फिरवलं. "ग्रंथ. लेखक आहे, प्रकाशक आहे, साल आहे, पान आहे. उत्तम. स्मरणिका, तेच म्हणते. साहेबांचा अहवाल, तोही तेच म्हणतो. तीन झाले. आता अडचण काय?"

"सर, तिन्हीत सारखंच आहे."

"मग? खरं असलं की सारखंच असणार."

"शब्दाला शब्द सारखं, सर. 'अखंड खडकावर' तिन्हीकडे. तीन माणसांनी एकच गोष्ट पाहिली तर तीन तऱ्हांनी नाही का लिहिणार?"

सरांनी यादी खाली ठेवली. ते वाईट शिक्षक नाहीत. फक्त त्यांच्याकडे असे एकतीस निबंध होते. "तळटीप," ते म्हणाले, "तू बांधाचा अभ्यास करतेयस की माझा अंत पाहतेयस?"

तेवढ्यात आत्या आली, ग्रंथालयाचे धुतलेले पडदे घेऊन. गठ्ठा टेबलावर आपटून म्हणाली, "काका, पडदे. ओलसर आहेत, आधीच सांगते. दोनदा इस्त्री फिरवली. मागच्या खोलीत आता कपडा टाकला की आला त्याहून ओला होऊन जातो."

"छप्पर गळतं का?" सरांनी विचारलं.

"छप्पर ठणठणीत कोरडं आहे. खालून येतंय. फरशीची तिसरी रांग उचललीय. पाय ठेवला की दबते, काढला की हळूच वर येते. खाली कुणी झोपलंय आणि श्वास घेतंय, असं वाटतं."

"कधीपासून?"

"झाले तीन आठवडे."

दरवाजे बंद करूनही तीनच आठवडे झाले होते. हे तिथे कुणी बोललं नाही. मी बोललो असतो.

"सर, हे लिहू का मी? आत्याची फरशी?"

"लिही की. पण संदर्भाच्या रकान्यात काय घालणार? लेखक?"

"आत्या."

"प्रकाशक?"

"अहो, मी दहावी दोनदा दिलीय," आत्या म्हणाली, "प्रकाशक कुठून आणू?"

सर हसले नाहीत. "बाळ, आत्या हा संदर्भ नाही. आत्याबद्दल मला आदर आहे, पण आत्याला पान क्रमांक नाही."

आत्याने पडदे मोजून दिले आणि जाताजाता भाचीला म्हणाली, "घरी येशील तेव्हा पुढच्या दाराने ये. मागच्या खोलीत चप्पल रुतते."

गुरुवारी सकाळी ग्रंथालय उघडताच तळटीप हजर. तिने मला काढलं, एकशे अठरावं पान उघडलं आणि खिडकीपाशी नेऊन तिरपं धरलं. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला पुष्कळांनी वाचलं होतं, पण नीट पाहिलं कुणीच नव्हतं. माझी पानं आता चहाच्या रंगाची झाली आहेत. त्या पानाच्या मध्यावर मात्र एक चौकोन फिका आहे, आणि त्या चौकोनाच्या वरच्या कडेला वाळलेल्या खळीची एक रेघ.

"काका, इथे काहीतरी चिकटवलेलं होतं."

"काही नव्हतं," झटकेकाका न बघता म्हणाले.

"मग एवढाच तुकडा पांढरा कसा?"

काका आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं. मग ते खुर्चीत बसले. "मी पुस्तकं झटकतो," ते म्हणाले. आवाज एकदम लहान झाला होता.

"तुम्ही काय केलंत ते नाही विचारत, काका. कुठे ठेवलं असेल ते विचारतेय."

पत्र्याचा डबा टेबलावर आला. झाकण गंजून बसलं होतं, ते चमच्याने उचकटावं लागलं. आतून तेवीस वर्षं बाहेर आली. बसची तिकिटं, जाळी पडलेली पानं, डॉक्टरांची औषधाची चिठ्ठी, अर्धं प्रेमपत्र, परीक्षेतल्या कॉप्या, कुणाचा तरी पासपोर्ट साइझ फोटो. आणि तळाशी ती. काकांनी तिला दोन बोटांनी उचललं आणि माझ्या पानावर ठेवलं. चारही कडा चौकोनाला जुळल्या. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एक सापडलेला कागद वाचला, मोठ्याने. 'लाल रेघेवर नेऊ नये' इथे आल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि ते वाक्य पुन्हा वाचलं.

"कुणाचं तरी खासगी असेल म्हणून मी..." ते म्हणाले.

"हे खासगी नव्हतं, काका."

सरांना बोलावणं गेलं. त्यांनी चिठ्ठी उलटसुलट पाहिली आणि सवयीने पाच प्रश्नांवर घेतली. "लेखक नाही. प्रकाशक नाही. साल नाही. पान क्रमांक आहे, पण तो दुसऱ्याचा. माझ्याच नियमाने बघितलं तर ही शून्य आहे." त्यांनी चिठ्ठी परत पानावर ठेवली. "आणि तुझी ती तीन ठिकाणं?"

"ती तीन नाहीत, सर. एकच आहे. बाकीची दोन त्याचीच पोरं."

"हिच्या बाजूने कोण बोलतंय?"

"आत्याची फरशी. दुसरं शोधायला हवं." तिने माझं शेवटचं पान उघडलं. "इथे लिहिलंय, प्रती पाचशे. साहेबांनी अहवालात याच ग्रंथाचं नाव दिलंय, पान एकशे अठरा. म्हणजे त्यांच्याकडे एक प्रत असणार. तिच्यात चिठ्ठी असली तर?"

सरांनी घड्याळ पाहिलं. त्यांचे दोन तास होते. "तास घेईल कुणीतरी," ते म्हणाले. "उठ."

काकांनी नोंदवही काढली. माझ्या नावापुढचा 'बाहेर' हा रकाना कोरा होता, कायमचाच. त्यांनी तारीख घातली, सही केली आणि मला पडद्यांच्या कापडात गुंडाळून तिच्या दप्तरात ठेवलं. "सांभाळून ने," म्हणाले. मला म्हणाले की चिठ्ठीला, ते कळलं नाही.

तर मित्रांनो, ज्या बांधाबद्दल मी तीनशे बारा पानं बोलत आलो, तो मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, अर्धवट उघड्या चेनमधून. मी लिहिलं होतं त्याहून तो खूप मोठा आहे आणि खूप शांत. पायथ्याचं गवत वाळून पिवळं पडलेलं होतं. पहिला दगड, दुसरा, सहावा, सगळीकडे पिवळं. सातव्यापासून अकराव्यापर्यंत मात्र गवत हिरवंगार होतं, आणि तिथे कुणी पाणी घातलेलं नसताना ते ओलं चकाकत होतं. सर चालता चालता थांबले. पुढे जरा भराभर चालायला लागले.

इंजिनिअर साहेबांच्या खोलीत काचेचं कपाट आहे. त्यात माझा जुळा भाऊ होता. तेच निळं कापड, तीच सोनेरी अक्षरं, माझ्याहून कितीतरी तजेलदार. त्याला कुणी हात लावला नव्हता ना.

साहेबांनी ऐकून घेतलं. माणूस भला वाटला, कामाने पिचलेला. "हे बघा सर, अहवालात सगळे संदर्भ दिलेत. हा काय ग्रंथ, समोर आहे."

"प्रत बघता येईल?" तळटीपने विचारलं.

"बघ की. काचेतून दिसतेय."

"आतलं पान बघायचंय."

साहेबांनी शिपाईमामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, "किल्ली मागल्या साहेबांच्याही मागल्या साहेबांकडे होती. ते गेले बदलून."

"साहेब," सर शांतपणे म्हणाले, "अहवालात तुम्ही पान क्रमांक दिलाय."

"दिलाय ना."

"काचेतून पान कसं दिसलं?"

साहेब कपाटाकडे बघू लागले. मग मामांनी न सांगताच खिशातून स्क्रू पिळायचं हत्यार काढलं आणि कपाटाचं दारच बिजागरीतून सोडवून भिंतीला टेकवलं. माझा भाऊ उघडला तेव्हा त्याचा कणा कडाडला. न वाचलेल्या पुस्तकाचा कणा असाच वाजतो. साहेबांनी एकशे अठरावं पान काढलं. चिठ्ठी तिथेच होती, वरच्या कडेने चिकटलेली, कोरी करकरीत, साठ वर्षं जागेवर.

साहेबांनी ती वाचली. पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं, जणू मधल्या वेळात ती निघून गेली असेल. मग तळटीपला विचारलं, "निबंध कधी द्यायचाय तुला?"

"उद्या."

"आणि मामा, पाणी लाल रेघेला कधी लागणार आहे?"

"लागलं ना साहेब, दरवाजे बंद केले त्याच आठवड्यात," मामा म्हणाले. "आता रेघ दिसत नाही. दीड हात खाली गेली."

साहेब उठले आणि खिडकीशी गेले. खिडकीतून बांध दिसत होता. पाठ तशीच ठेवून त्यांनी विचारलं, "लाँड्री कितव्या दगडाखाली आहे म्हणालीस?"

"नवव्या."

त्यांनी फोन उचलला. तासाभरात दरवाजे उघडायचा हुकूम निघाला. पण दरवाजे एकदम पूर्ण उघडता येत नाहीत, खाली ओढ्याकाठी वस्ती आहे. रोज जेमतेम चार बोटं पाणी उतरतं. रेघ पुन्हा दिसायला नऊ दिवस लागतील, असा हिशोब त्यांनी केला. सरांनी विचारलं, नऊ दिवस बांध थांबेल का? साहेब म्हणाले, याचा संदर्भ माझ्याकडे नाही.

सातव्या ते अकराव्या दगडाखालची घरं त्याच संध्याकाळी रिकामी करायला सांगितली. आत्याने यंत्रं हलवायला नकार दिला. मग तिने मागच्या खोलीत जाऊन फरशीवर पाय ठेवला, काढला, थोडा वेळ तिथे उभी राहिली आणि बाहेर येऊन म्हणाली, "टेंपो बोलवा."

शुक्रवारी तळटीपने निबंध दिला. त्याची तपासून आलेली प्रत काकांनी माझ्या शेजारी ठेवली आहे. संदर्भांच्या यादीत मी दुसरा आहे, 'शुद्धिपत्रासह, दोन प्रती ताडून पाहिल्या' असं पुढे लिहिलं आहे. पहिला संदर्भ असा : 'आत्या. मागची खोली. फरशी, तिसरी रांग. पाहिले : रोज.' प्रकाशकाच्या रकान्यात तिने एक आडवी रेघ मारली आहे. सरांनी त्या रेघेवर लाल पेन टेकवल्याची खूण दिसते. पण गुण कापलेले नाहीत.

काकांनी खळ शिजवली, ग्रंथालयातल्या चहाच्या भांड्यात, आणि चिठ्ठी माझ्यात परत चिकटवली, या वेळी चारही कडांनी. आता ते पुस्तकं झटकत नाहीत. एकेक पान उलटून बघतात. फार वेळ लागतो, रांग दारापर्यंत जाते, लोक कुरकुरतात. काका म्हणतात, "कुरकुर करा, पण हलू नका."

आत्मवृत्ताच्या शेवटी काहीतरी मागायचं असतं. माझी भावंडं कव्हर मागतात, कोपरे दुमडू नका म्हणतात, थुंकी लावून पान उलटू नका म्हणतात. मला यातलं काही नको. मित्रांनो, मला वाचाल तेव्हा एवढंच करा. मी कितीही ठाम बोललो, कण्यावर कितीही सोनं असलं, तरी मला विचारा, तुला कुणी सांगितलं? आणि ज्याने सांगितलं तो स्वतः तिथे उभा होता का? माझ्यासारखी तीन पुस्तकं एका सुरात बोलत असतील तर त्यांचे चेहरे नीट बघा, ती एकाच घरातली तर नाहीत ना. आणि पानावर कुठे फिका चौकोन दिसला, तर तिथे काय होतं ते शोधल्याशिवाय पुढचं पान उलटू नका. मी साठ वर्षं मानाने जगलो. त्यातली तेवीस वर्षं मी एका घराच्या खाली पाणी भरायची तयारी करत होतो आणि लोक मला नमस्कार करत होते.

आज सातवा दिवस आहे. काका रोज सकाळी येतात, समोरच्या भिंतीवर ओल कुठपर्यंत चढली ते वाकून बघतात आणि पेन्सिलीने रेघ मारून वार लिहितात. सहा रेघा आहेत, एकीवर एक, शिडीसारख्या. आज काकांबरोबर तळटीप होती. काकांनी पेन्सिल टेकवली आणि बराच वेळ ते वाकलेलेच राहिले. आजची रेघ कालच्याच रेघेवर पडली होती.

"थांबलं, काका," ती म्हणाली.

काकांनी पेन्सिल कानामागे खोवली. "एका भिंतीवरून काही सांगता येत नाही," ते म्हणाले. "आणखी दोन ठिकाणी बघायला हवं."

ती म्हणाली, आत्याच्या फरशीची तिसरी रांग दारातूनच आणि नवव्या दगडाखालचं गवत लांबूनच बघते, पाच मिनिटांत येते. दप्तर इथेच टेबलावर ठेवून गेली.

दुपार झाली आहे. काका तीनदा दारापर्यंत जाऊन आले. ती अजून आलेली नाही.